शिरोरेषेच्या आधाराने: स्क्रोल सॉवरची सजावट आणि भेटी, प्रकल्प नोंदी

५ ऑक्टोबर

वर्षअखेरीच्या सणांसाठी लागणारी सजावट आणि घरच्यांच्या भेटी यंदा सगळ्या स्क्रोल सॉवरच, म्हणजे बारीक उभं पातं भराभर वरखाली करून लाकडात नक्षी कापणाऱ्या यंत्र-करवतीवरच करायच्या, हे आज पक्कं केलं. टांगायचे सपाट तारे, दोन तुकडे एकमेकांत अडकवून होणारे तारे, ठोकळ्यातून दोन बाजूंनी कापून निघणारे छोटे पक्षी, धाकट्या भाच्यासाठी लाकडी कोडं, आणि घरातल्या प्रत्येकासाठी त्याचं नाव, देवनागरीत.

सगळ्यात जास्त जीव या नावांतच अडकला आहे. नक्षीचे तयार आराखडे ढिगाने मिळतात, पण त्यांतली अक्षरं बहुतेक रोमन. रोमन अक्षरं सुटी, त्यामुळे ती एकत्र धरायला खाली पट्टी जोडावी लागते. देवनागरी शब्दाला शिरोरेषा असते. अक्षरं तिला लटकलेली असतात आणि शब्द मुळातच एकसंध असतो. लाकडात कापायला इतकी सोयीची लिपी असूनही तिचे आराखडे स्वतःच काढावे लागतात. म्हणून नावांसाठी जास्तीत जास्त दिवस राखून ठेवले आहेत.

लाकडाचा विचार: सपाट ताऱ्यांना ३ मिमी बर्च प्लाय, नावांना ६ मिमी बर्च प्लाय, पक्ष्यांना पाइनचे ३८ मिमी चौरस ठोकळे, कोड्याला १८ मिमी प्लाय. घरात सागवानाचे तुकडे पडून आहेत आणि दिसायला फार सुरेख आहेत, पण सागवानात सिलिका असते, बारीक पात्याची धार ती बघता बघता खाते. ते या कामातून वगळले. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी, तीही नको. कड गुळगुळीत निघते खरी, पण त्याची धूळ फारच बारीक असते आणि पातळ भाग ओलाव्याने फुगतात.

ऑक्टोबरातच सुरुवात करण्याचं कारण म्हणजे तेल. कापणं लवकर उरकतं. तेल मुरून, सुकून, त्याचा वास जायला वेळ लागतो, आणि तिथे घाई करून काहीच साधत नाही.

८ ऑक्टोबर

आज फक्त यंत्राची जुळवणी. टेबल पात्याशी काटकोनात आहे की नाही हे छोट्या गुण्याने पाहिलं. पण गुण्या एवढ्याशा पात्याला नीट टेकत नाही, म्हणून दुसरी तपासणीही केली. ४५ मिमी जाडीचा ठोकळा घ्यायचा, त्याच्या कडेला पात्याने जेमतेम २ मिमी खोल चीर पाडायची आणि यंत्र बंद करायचं. मग ठोकळा फिरवून पात्याच्या मागे न्यायचा आणि तीच चीर पात्याच्या पाठीला लावायची. पातं चिरेत सहज बसलं तर काटकोन बरोबर. टेबल कललेलं असेल तर चूक दुप्पट होऊन दिसते, म्हणून नजरेतून सुटत नाही.

सपाट ताऱ्यात एखाद्या अंशाचा कल कुणाला कळणार नाही. पक्ष्यांच्या ठोकळ्यात कळतो. ३८ मिमी उंचीत एका अंशाने वरची आणि खालची रेघ साधारण ०.७ मिमीने वेगळी पडते. पक्ष्याची मान जेमतेम ५ मिमीची असते, तिथे हा फरक फार मोठा.

ताण: पातं बोटाने छेडलं की स्वच्छ, उंच सूर यायला हवा. बाजूने बोटाने दाबलं तर ३ मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. सैल पातं जाड लाकडात मध्येच वाकतं. वरून कड बरोबर दिसते आणि आतून पोट सुटलेलं असतं.

आणखी एक गोष्ट नव्याने यंत्र हाती घेणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो, कारण पहिल्या दिवशी याचाच जास्त त्रास होतो. ठशाने काढलेल्या पात्यांच्या एका अंगाला बारीक कंगोरा राहतो. ते अंग जास्त धारदार असतं, म्हणून पातं त्या बाजूला ओढ घेतं, बहुधा उजवीकडे. फळी नाकासमोर सरळ ढकलली तर रेघ सुटतेच. फळी काही अंश तिरकी धरून ढकलायची असते. किती तिरकी, हे प्रत्येक पात्यागणिक थोडं बदलतं. टाकाऊ तुकड्यावर एक लांब सरळ रेघ कापली की हाताला ते कळतं आणि मग दिवसभर लक्षात राहतं.

१२ ऑक्टोबर

तारे. ३ मिमीच्या चार फळ्या एकावर एक ठेवून एकाच वेळी कापल्या. आधी फळ्यांवर मास्किंग टेप, टेपवर स्प्रे ग्लूने चिकटवलेला आराखडा, आणि सगळ्यावर पॅकिंगची पारदर्शक चिकटपट्टी. खालची टेप काम झाल्यावर कागदासकट सोलून निघते, लाकडावर डिंक उरत नाही. वरच्या चिकटपट्टीमुळे पात्याचं घर्षण कमी होतं आणि कड जळून काळी पडत नाही. गठ्ठा धरून ठेवायला चारही कडांना गरम गोंदाचे ठिपके आणि टाकाऊ भागात बारीक खिळे.

१२ मिमीच्या गठ्ठ्याला ५ नंबरचं, उलट दात्यांचं पातं लावलं. या नंबरचं पातं सुमारे १ मिमी रुंद आणि ०.४ मिमी जाड असतं. त्याच्या खालच्या टोकाचे थोडे दाते वरच्या दिशेने तोंड करून असतात, त्यामुळे शेवटच्या फळीची खालची बाजू कमी फाटते. आतली पोकळी कापायला आधी भोक पाडून पातं त्यातून ओवावं लागतं, म्हणून टोकांना आडवी पिन असलेली पाती या कामाला चालत नाहीत. पिन आत जाईल एवढं भोक पाडलं तर नक्षीची निम्मी जागा त्यातच जाते. साध्या टोकांच्या पात्याला १.५ मिमीचं भोक पुरतं.

आतल्या पोकळ्या आधी, बाहेरची कड सगळ्यात शेवटी. हा क्रम सगळेच पाळतात. पोकळ्यांतही मी मधल्या, लहान पोकळ्यांपासून सुरुवात करून बाहेर सरकतो. मधलं काम चाललेलं असताना भोवतीचं लाकूड शाबूत असतं आणि थरथर कमी होते. बाहेरच्या मोठ्या पाकळ्या आधी काढल्या, तर मधली जाळी कापताना ती पात्याबरोबर वरखाली उडू लागते.

एकावर एक ठेवून कापण्याची ही रीत फार जुनी. फ्रान्समधला आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) पितळेचा आणि कासवाच्या कवचाचा पातळ पत्रा एकावर एक ठेवून दोन्ही एकदम कापायचा. मग एकाचा तुकडा दुसऱ्याच्या पोकळीत बसवायचा. एकाच कापातून दोन नक्ष्या, एक दुसरीच्या बरोबर उलट. संध्याकाळी अक्रोड आणि मेपल यांच्या ३ मिमी पट्ट्यांवर हेच करून पाहिलं: अक्रोडाच्या चकतीत मेपलचं पान, मेपलच्या चकतीत अक्रोडाचं. ५ नंबरच्या पात्याने भोवती फट राहते, म्हणून इथे २/० नंबरचं बारीक पातं लावलं. टेबल थोडं कलवून कापलं तर फट पूर्ण मिटवता येते, पण मग जोडीतली एकच चकती नीट बसते. मला दोन्ही हव्या होत्या, म्हणून टेबल सरळच ठेवलं. केसाएवढी काळसर रेघ पानाभोवती दिसते आणि ती मला आवडली. या जोड्या दोन बहिणींसाठी बाजूला ठेवल्या, एकेकीला एकेक.

१९ ऑक्टोबर

नावांचे आराखडे. आख्खा दिवस कागद आणि पेन्सिल.

शिरोरेषा अक्षरं धरून ठेवते हे खरं, पण सगळ्यांना सारखी धरत नाही. एकेक अक्षर लाकडाच्या नजरेने पाहायला लागलं की लिपी वेगळीच दिसते. आज काढलेली टाचणं जशीच्या तशी उतरवतो.

पहिला प्रश्न, कुठे तुटतं? ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे सुटलेली असते. नुसत्या अक्षराला त्याने काही होत नाही, कारण डावा भाग खालून दंडाला जोडलेला आहे. अडचण शब्दात येते. ‘माधव’ लिहिलं की ‘मा’ची शिरोरेषा संपते आणि ‘ध’ची गाठ तिच्यापासून जराशी लांब राहते. लाकडात ‘मा’ आणि ‘धव’ असे दोन तुकडे हातात येतात. ‘शुभदा’चंही तेच, ‘शु’ एकीकडे आणि ‘भदा’ दुसरीकडे. उपाय म्हणून ‘ध’ची गाठ थोडी डावीकडे फुगवून आधीच्या अक्षराच्या शिरोरेषेच्या टोकाला भिडवली. भिडवलेली जागा निदान ४ मिमी रुंद हवी. रेघ सरळ ओढून ‘ध’वरून पुढे नेण्याचा मोह होतो, पण मग तो ‘घ’सारखा वाचला जातो. गाठ आणि शिरोरेषेच्या मध्ये खाच दिसलीच पाहिजे.

दुसरा प्रश्न, काय लोंबतं? ‘ग’, ‘ण’ आणि ‘श’ यांचा दंड डाव्या भागापासून सुटा असतो. त्यांना फक्त शिरोरेषा जोडते, खाली काही आधार नाही. काना तर सगळीकडेच असा एकटा लटकतो. ‘गणेश’ हे नाव कागदावर किती साधं, पण लाकडात त्यात सुट्या दांड्यांची रांगच लागते. अशा नावांत दंड खाली किंचित रुंद केले आणि दोन दंडांमधली जागा कमी ठेवली. कुणाचं बोट सहज आत जाऊन अडकेल अशी फट नको.

तिसरा प्रश्न, काय तरंगतं? अनुस्वार. ‘शंतनू’चा टिंब कशालाच चिकटलेला नसतो. दोन पर्याय काढून पाहिले. एक, टिंब खाली ओढून अर्धा शिरोरेषेत बुडवणं. दुसरा, टिंबाला बारीक मान देणं. मान दिलेला टिंब फुलाच्या कळीसारखा दिसतो आणि वाचणाऱ्याची नजर तिथेच अडकते. अर्धा बुडवलेला टिंब टिंबच दिसतो. तोच ठेवला. अर्धचंद्राला ही अडचण नाही, त्याचं पोट रेघेवर टेकवलं की झालं. विसर्ग असलेलं नाव आमच्याकडे नाही. असतं तर मागे चकती लावण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चौथा प्रश्न, कुठे भोकं पाडायची? ‘प’, ‘म’, ‘य’, ‘ष’, ‘स’, ‘घ’ यांच्या वरच्या भागात शिरोरेषेखाली बंद खोली असते. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांचं पोट बंद, ‘ठ’ तर सगळाच बंद. प्रत्येक बंद खोलीला एक भोक. ‘न’, ‘त’, ‘र’ यांच्यात बाहेरून कापत आत शिरता येतं. वेलांटीचं टोक शिरोरेषेवर टेकवलं तर तिथे आणखी एक खोली तयार होते. एक भोक वाढतं, पण दोन्ही टोकांनी टेकलेली वेलांटी मोकळ्या वेलांटीपेक्षा कितीतरी भक्कम. सगळ्या वेलांट्या टेकवल्या. ‘ु’ आणि ‘ू’ यांचं शेपूट दंडाच्या पायाशी जिथे फुटतं तिथे जाडी राखली.

मापं ठरवली ती अशी: अक्षराची उंची ६० मिमी, शिरोरेषा ८ मिमी, दंड ५ मिमी, कुठलाही सांधा ४ मिमीच्या आत नाही. छापील टंक जसाच्या तसा वापरण्यापेक्षा बोरूच्या वळणाने हाताने काढलेलं अक्षर जास्त टिकाऊ ठरतं असं माझं मत झालं आहे. बोरूच्या अक्षरात जाड-बारीक भाग असतात आणि बारीक भाग कुठे येऊ द्यायचा हे काढणाऱ्याच्या हातात राहतं. ‘ल’ आपल्या मराठी वळणाचाच काढला, दोन्ही वाट्यांचा. त्याच्या वाट्या शिरोरेषेखाली जरा दाटीने बसतात, पण ‘मृणाल’ तसाच शोभतो.

२६ ऑक्टोबर

नावं कापण्याआधी लाकडाची चाचणी. मनात हौस होती की आजीचं नाव तरी अखंड मेपलमध्ये व्हावं. म्हणून ६ मिमी मेपलच्या दोन पट्ट्यांवर एकच चाचणी-अक्षरं कापली, ‘गा’ आणि ‘णा’. एका पट्टीत लाकडाचे तंतू शिरोरेषेच्या दिशेने आडवे, दुसरीत उभे.

आडव्या तंतूंच्या पट्टीत शिरोरेषा दगडासारखी घट्ट, पण काना अंगठ्याने जरा दाबताच मुळाशी कट्‌कन मोडला. तुटलेली जागा अगदी स्वच्छ होती. तंतू एकही ताणला गेला नव्हता, ते फक्त एकमेकांपासून सुटले. उभ्या तंतूंच्या पट्टीत काने वाकवूनही मोडेनात, पण दोन अक्षरांच्या मधोमध, जिथे फक्त शिरोरेषा आहे, तिथे पट्टी दुभंगली. अखंड लाकूड एकाच दिशेने बळकट असतं, आणि देवनागरी शब्दाला बळ दोन्ही दिशांनी लागतं.

प्लायवूडचे थर एकाआड एक आडवे-उभे असतात, त्यामुळे ही अडचण तिथे बरीचशी मिटते. तरी बरीचशीच. तीन थरांच्या प्लायमध्ये बाहेरचे दोन थर एका दिशेने आणि मधला एकच आडवा, म्हणजे त्यालाही कल आहेच. ६ मिमी बर्चमध्ये पाच थर असतात, तिथे फरक कमी, पण आहे. म्हणून नावं प्लायमध्ये कापायची आणि वरच्या थराचे तंतू उभे ठेवायचे, हे ठरलं. शिरोरेषा ८ मिमी रुंद आहे, तिला थोडं कमी बळ पुरतं. एकट्या लटकणाऱ्या दंडाला मात्र सगळं बळ हवं.

आजीचं नाव मेपलमध्येच होईल. तंतू उभे, आणि शिरोरेषेच्या पाठीमागे आडव्या तंतूंची २ मिमी पट्टी चिकटवून. समोरून पट्टी दिसत नाही.

२ नोव्हेंबर

नावं कापली. ३ नंबरचं पातं, वेग निम्म्यावर. वळणं एवढी बारीक की वेगात हात मागे पडतो. कोपऱ्यात पोचल्यावर पुढे ढकलणं थांबवायचं, पात्याची पाठ कापलेल्या बाजूला हलकेच टेकवायची आणि लाकूड जागीच फिरवायचं. ‘ध’ची गाठ आणि ‘ृ’चं टोक, दोन्ही असेच निघाले.

क्रम ताऱ्यांसारखाच, एक भर घालून. आतल्या खोल्या झाल्यावर बाहेरची कड खालून सुरू केली. दंडांचे पाय, उकार, मग दोन्ही बाजू, आणि शिरोरेषेची वरची कड सगळ्यात शेवटी. वरचं लाकूड जोडलेलं असेपर्यंत सगळा शब्द एका मोठ्या फळीला लटकून राहतो आणि धरायलाही हाताला जागा मिळते. टेबलाच्या मोठ्या भोकावर जुन्या प्लास्टिक कार्डाचा तुकडा चिकटवून पात्यापुरतंच भोक ठेवलं होतं. त्यामुळे बारीक टोकं खाली ओढली गेली नाहीत.

प्लायमधला गोंद पात्याला लवकर बोथट करतो. ढकलायला जोर लागू लागला किंवा जळका वास आला की पातं बदलायचं, आणखी ओढत बसायचं नाही. यंत्राचा पल्ला, म्हणजे पातं वरखाली जितकं हलतं ते अंतर, साधारण १९ मिमी आहे, आणि ६ मिमी फळी कापताना पात्याचा खालचा थोडाच भाग झिजतो. टेबलावर १२ मिमीची गुळगुळीत फळी ठेवून तिच्यावर काम केलं की वरचे, न वापरलेले दाते कामाला येतात.

‘शुभदा’ हातात घेतल्यावर ‘शु’ आणि ‘भ’ यांच्यामधला सांधा दोन्ही अंगठ्यांनी वाकवून पाहिला. जरा लवचीक आहे, पण धरून आहे.

४ नोव्हेंबर

आज फक्त साफसफाई. यंत्राची फुंकणी रेघेवरची धूळ उडवते, म्हणजे ती समोरच्या नाकाकडेच येते. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये कर्करोगकारक घटकांच्या पहिल्या गटात घातली. साधं फडकं तोंडाला बांधून भागत नाही, नीट बसणारा एन९५ मास्क लागतो. पात्याच्या खाली व्हॅक्यूमची नळी बांधली. खोलीत मूल असताना कापायचं नाही.

९ नोव्हेंबर

पक्षी. पाइनच्या ठोकळ्याच्या शेजारशेजारच्या दोन बाजूंवर एकाच पक्ष्याची दोन रूपं, बाजूने आणि समोरून. आराखड्याचा कागद मधोमध दुमडून घडी बरोबर ठोकळ्याच्या काटकोनी कडेवर बसवायची. घडी अर्धा मिमी सरकली की चोच एका बाजूला आणि डोकं दुसऱ्या बाजूला.

पहिली बाजू कापून झाली की सुटलेले तुकडे फेकायचे नाहीत. ते पुन्हा जागच्या जागी बसवायचे आणि सगळ्याभोवती चिकटपट्टी गुंडाळून ठोकळा परत चौकोनी करायचा, मग ९० अंशांत फिरवून दुसरी बाजू. तुकडे नसतील तर आतला पक्षी टेबलावर टेकतच नाही आणि दुसऱ्या बाजूचा आराखडाही त्या तुकड्यांवरच असतो. ठोकळा दोन पट्ट्यांमध्ये बोल्टने आवळून धरला, म्हणजे उभा ठोकळा डोलत नाही आणि बोटंही पात्यापासून दूर राहतात. ५ नंबरचं, एकाआड एक दाता गाळलेलं पातं. मोकळ्या खाचांतून भुसा बाहेर पडतो. घाई केली तर पातं मध्ये वाकतं आणि पक्ष्याचं पोट फुगतं, म्हणून इथे हात जवळजवळ थांबल्यासारखाच चालतो.

चिकटपट्टी फाडून चारी बाजूंचे तुकडे बाजूला केले की आतून पक्षी निघतो. भाचा शेजारच्या खोलीतून धावत आला आणि “अजून एक!” म्हणाला. अजून एक केला.

१५ नोव्हेंबर

अडकवायचे तारे. दोन सारखे सपाट तारे, एकाला वरून मध्यापर्यंत खाच, दुसऱ्याला खालून. खाचेची रुंदी म्हणजे प्लायची खरी जाडी. ३ मिमी म्हणून विकलेला प्लाय ३ मिमीच असेल असं नाही, म्हणून व्हर्नियरने मोजून मग रेघ आखली आणि रेघेच्या आत कापलं. शेवटचा फरक चपट्या कानशीने काढला. तेल लागल्यावर जाडी किंचित वाढते, तेवढी जागाही ठेवली. बोटाने ढकलल्यावर अडखळत जाईल एवढं घट्ट पुरे.

१६ नोव्हेंबर

भाच्याचं कोडं. लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने १७६० च्या दशकात नकाशे लाकडी फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले आणि मुलांना भूगोल शिकवायला विकले, तिथून अशा कोड्यांचा प्रवास सुरू झाल्याचं मानतात. भाचा नकाशाच्या वयाचा नाही. त्याला हत्ती.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी लहान तुकड्यांची एक ठरलेली चाचणी आहे: ३१.७ मिमी व्यासाची नळी, तळ तिरका, खोली २५.४ पासून ५७.१ मिमीपर्यंत. जो तुकडा न दाबता तिच्यात पूर्ण मावतो, तो त्या वयाला द्यायचा नाही. हत्तीचा सगळ्यात लहान तुकडा शेपटीचा होता, म्हणून शेपटी मागच्या पायाला जोडून एकच तुकडा केला. १८ मिमी जाडीमुळे प्रत्येक तुकडा उभा राहतो, म्हणजे कोडं सोडवून झालं की हत्तीचे तुकडे रचायलाही येतात. तुकड्यांच्या जिभा गोल आणि मानेला जाड ठेवल्या. नाजूक जिभा मूल आधी चावून पाहतं. कोड्यात लोहचुंबक किंवा खिळे अजिबात नाहीत.

२३ नोव्हेंबर

घासणं आणि पॉलिश. कापल्यावर मागच्या बाजूला उभे राहिलेले तंतू २२० नंबरच्या पॉलिश पेपरने काढले, पेपर सपाट ठोकळ्यावर ताणून. आतल्या कोपऱ्यांना सुईसारख्या बारीक कानशी. दंड आणि काने घासताना नाव सपाट टेबलावर ठेवूनच घासायचं आणि हात शिरोरेषेकडून पायाकडेच न्यायचा. उलट नेला तर पेपर दंडाच्या टोकात अडकतो.

तारे आणि पक्षी उथळ ट्रेमध्ये जवसाच्या तेलात बुडवले, पाच मिनिटांनी काढून पुसले. बारीक जाळीत ब्रश पोचत नाही, बुडवण्याला पर्याय नाही. तेलाची फडकी कोपऱ्यात बोळा करून टाकायची नाहीत, हे इथे ठळक लिहायला हवं. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन सुकतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. फडकी बाहेर मोकळ्या जागी एकेक पसरून वाळवली. लगेच टाकायची असतील तर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात घालावी.

हत्तीला आणि नावांना मात्र चपडा, म्हणजे लाख स्पिरिटमध्ये विरघळवून. लाख किड्यांपासून मिळते, स्पिरिट उडून गेलं की वर फक्त तिचा पातळ थर उरतो, आणि मुलांच्या वस्तूंना तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला जात आला आहे. तीन पातळ हात, प्रत्येक हातानंतर ३२० नंबरने हलकेच घासून. अक्षरांच्या आतल्या कडांवर तो जमून ओघळ येतात, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा ठेवला. मेपलमधल्या आजीच्या नावाला सोनसळी छटा आली. बर्चला तेवढी येत नाही.

३० नोव्हेंबर

तेलाचा वास गेला, हाताला काही लागत नाही. सगळं बांधून ठेवलं.

ताऱ्यांना आणि पक्ष्यांना सुती दोरा. नावांना दोरा शिरोरेषेतूनच, दोन्ही टोकांजवळ २ मिमीची भोकं पाडून. मधोमध एकच भोक ठेवलं तर नाव तिरकं लटकतं, कारण वेलांट्या आणि उकार एका बाजूला जास्त असले की तोल त्या बाजूला जातो. भोकं शिरोरेषेच्या टोकापासून निदान ८ मिमी आत. अडकवायचे तारे सुटे, सपाटच दिले, जोडण्याची रीत कागदावर काढून.

नावं कागदात नुसती गुंडाळली नाहीत. प्रत्येक नाव ज्या फळीतून कापलं तिचा उरलेला साचा जपून ठेवला होता. नाव परत त्याच साच्यात बसवलं, खाली-वर पुठ्ठा लावला आणि मग गुंडाळलं. लटकत्या दंडांना वाटेत धक्का बसला तरी चारी बाजूंनी त्यांचंच लाकूड आहे. ‘गणेश’ आणि ‘माधव’ परगावी टपालाने जायचे आहेत, ते असेच जातील.

आराखड्यांचे मूळ कागद फाइलला लावले. ‘ध’, ‘भ’, ‘थ’ यांची भिडवलेली वळणं, टिंबाची जागा आणि दंडांची मापं त्यांवर पेनाने नोंदली आहेत. पुढच्या खेपेला जोडाक्षरांची नावं घ्यायची आहेत. ‘प्रज्ञा’चा कच्चा आराखडा काढायला घेतला आहे, ‘ज्ञ’च्या पोटातली खोली कुठून कापायची ते अजून ठरायचं आहे.